ओठाचा जोड

सकाळी चूल पेटवण्याआधी सत्यशीला तिघांना हात जोडायची. पहिला मान मोहट्याच्या देवीचा, कारण ती गावाकडची आणि तिला डावलायची कुणाची छाती नव्हती. दुसरा मान नगरच्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांचा, ज्यांनी तिच्या लेकीचा दुभंगलेला ओठ फुकटात शिवून दिला होता आणि ज्यांचं नाव विचारायचं मात्र ती रडण्याच्या भरात विसरून गेली होती. नाव माहीत नसलं म्हणून उपकार थोडेच कमी होतात. नगरच्या दिशेला तोंड करून ती नुसतं 'शिवनारे डाक्टर' म्हणायची आणि तेवढ्यात भागायचं. तिसरा मान यंदाच्या हंगामापासून सुरू झाला होता. तो रेडिओतल्या बाईंचा.

सत्यशीला आणि तिचा नवरा भागवत पाथर्डीकडचे. पाऊस बेताचा, रान मुरमाड, म्हणून दिवाळी झाली की दरसाल ऊसतोडीला निघायचं. यंदा त्यांची टोळी संगमनेरच्या अलीकडे प्रवरेच्या काठाला उतरली होती. नवराबायको मिळून एक कोयता, अशी या धंद्याची मोजदाद. माणूस एकटा मोजतच नाहीत. भागवतचा बाप गावाकडं घर राखायला राहायचा; या एका कोयत्यासोबत भागवतची आई झुंबरबाई होती आणि सहाव्या वर्षात असलेली पंकजा होती. झुंबरबाई कोपीवर, म्हणजे तळावरच्या पाचटाच्या खोपटात, स्वयंपाकाचं बघायची, आणि पंकजा सगळ्यांना भंडावून सोडायची.

या पोरीच्या तोंडात 'का' शिवाय दुसरं अक्षर नव्हतं. गावाहून येताना ट्रॉलीत सामानावर बसून तिनं पहिला सवाल टाकला, "आई, चांदोबा आपल्या गाडीमागं का पळतोय?"

झुंबरबाई म्हणाली, "मुकादमानं त्यालाबी आगाऊ उचल दिली आसंल, म्हून येतोय तोडायला."

सगळी ट्रॉली हसली, पण पंकजा हसली नाही. तिला उत्तर पाहिजे होतं. आईला उत्तर येत नव्हतं, बापाला बोलायची सवय नव्हती आणि आजीला सगळीच उत्तरं येत होती, पण ती अशी. सत्यशीला चौथी शिकलेली. पोरीनं तोंडाकडं बघत राहावं आणि आपल्याकडं द्यायला काही नसावं, हे तिला भाकरी नसण्यापेक्षा जास्त लागायचं.

तेव्हा देवासारख्या धावून आल्या त्या सुमेधा मॅडम. संगमनेरच्या बाजूला आसपासच्या गावांपुरतं एक छोटं रेडिओ केंद्र होतं. तिथं दर रविवारी सकाळी दहा वाजता 'विचारून तर बघा' नावाचा कार्यक्रम लागायचा. कुणीही फोन करावा, काहीही विचारावं. मॅडम कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, पण त्यांच्याकडं लोक ताऱ्यांचं विचारायचे, किल्ल्यांचं विचारायचे, दूध का विरजतं तेही विचारायचे. मॅडमची एक खोड होती. त्या उत्तर कधी सरळ हातात द्यायच्या नाहीत. आधी उलटं विचारायच्या, "तुम्ही काय पाहिलंत ते सांगा."

मुकादम वाल्मिकच्या ट्रॅक्टरवर एक दणकट स्पीकर होता. एरवी त्यावर गाणी वाजायची. एका रविवारी चुकून हे केंद्र लागलं, आणि मोळी बांधता बांधता सत्यशीलेनं फोनचा नंबर ऐकला. पुढच्या रविवारी धीर करून तिनं तो लावला.

"मॅडम, मी पंकजाची आई बोलतीय, पाथर्डी तालुका. ऊस बुडख्याला गोड आन् शेंड्याला पानचट, आसं का आसतंय? पोरगी इचारती."

"तुम्ही रोज तोडता ना? मग सांगा, शेंड्याला काय असतं?"

"वाढं आसतंय. हिरवी पानं."

"मग तीच उसाची चूल. साखर पानात शिजते आणि खाली उतरते. बुडख्याकडची कांडी जुनी, तिच्यात साठा झालेला असतो. शेंड्याची कांडी अजून वाढीला लागलेली असते, ती आलेली साखर खाऊन टाकते."

सत्यशीलेला हसू आलं. चूल म्हटल्यावर सगळंच कळलं. संध्याकाळी तिनं ते उत्तर पंकजाला दिलं तेव्हा लेकीनं तिच्याकडं असं बघितलं की आई म्हणजे केवढी मोठी बाई. ते बघणं सत्यशीलेला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या नमस्कारात मॅडमचा नंबर लागला.

मग दर रविवारी फोन. चांदोबाचं उत्तर मिळालं: जवळची झाडं मागं पळतात, पण चंद्र इतका लांब आहे की आपण दहा कोस गेलो तरी तो जिथल्या तिथं दिसतो, म्हणून बरोबर आल्यासारखा वाटतो. नगरला येताना डोंगरावर दिसतो त्या चांदबिबीच्या महालाचंही विचारून झालं. मॅडम म्हणाल्या, तो महाल नाहीच, ती सलाबतखानाची कबर आहे, लोकांच्या तोंडी चांदबिबी बसली एवढंच.

हे मात्र झुंबरबाईला मुळीच पटलं नाही. "माझी आजी चांदबिबीचा म्हनायची, माझी आई म्हनायची. आता हा खान कुठून निघाला? रेडिओत बसून काय बी बोलावं व्हय?" तिनं त्या दिवशी पिठलं जरा जास्तच तिखट केलं. म्हातारीचं म्हणणं असं, की समद्या गावानं धरलेली गोष्ट खोटी कशी असेल.

तर असं सगळं बरं चाललं होतं. टोळीत सत्यशीलेचा भाव वाढला होता. रविवारी वाल्मिक मुकादम स्पीकरचा आवाज चढवायचा आणि म्हणायचा, "गप ऱ्हावा, आपली बाई बोलतीय." आणि मग एका संध्याकाळी पंकजा खेळून आली आणि चुलीपुढं आईला टेकून बसली.

"आई, मला गिराण कुनी लावलं?"

सत्यशीलेच्या हातातली भाकरी तशीच राहिली. शेजारच्या कोपीतली एक म्हातारी पोरीच्या ओठावरच्या रेघेकडं बोट करून सहज म्हणाली होती, हिला पोटात असताना गिराण लागलंय. म्हातारीच्या मनात वाईट काही नव्हतं. गावाकडं असंच म्हणतात. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरलं, कापलं, की लेकराचा ओठ चिरतो. हे सगळ्यांना माहीत असतं, जसं चांदबिबीचा महाल सगळ्यांना माहीत असतो.

"झोप आता," सत्यशीला म्हणाली. लेकीच्या प्रश्नाला 'झोप' हे उत्तर तिनं या हंगामात पहिल्यांदाच दिलं.

कारण या प्रश्नाचं उत्तर तिला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं. पंकजा पोटात होती त्या डिसेंबरात सकाळच्या पारी सूर्याला ग्रहण लागलं. तेव्हाही ते असेच तोडीवर होते. झुंबरबाईनं सुनेला कोपीत बसवलं, अंगावरून चादर दिली आणि बजावलं, नखानं कुडाची काडीसुद्धा मोडायची नाही. मग म्हातारी अंघोळीला ओढ्यावर गेली. सत्यशीला चादरीतून बघत होती. फडाच्या कडेला भरायची गाडी उभी, आणि भागवत एकटाच तोडतोय, एकटाच बांधतोय, एकटाच वाहतोय. अर्धा कोयता कसा चालायचा? तिला बघवलं नाही. ती उठली, पलीकडच्या अंगानं उसात शिरली आणि कोयता चालवायला लागली. भागवतनं तिला पाहिलं. त्यानं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि मोळी उचलली. सासू यायच्या आत ती परत चादरीत जाऊन बसली होती.

पुढं लॉकडाऊनमध्ये पंकजा जन्मली. वरचा ओठ नाकापर्यंत उललेला. तिला अंगावर ओढता येईना, म्हणून सत्यशीलेनं दूध पिळून बोंडल्यानं थेंब थेंब पाजलं. गावानं तोंडावर पदर धरून कुजबुज केली, तेव्हा झुंबरबाई कमरेवर हात ठेवून पारापाशी उभी राहिली. "माझ्या सुनेनं गिराण पाळलंय. माझ्या डोळ्यादेखत बसून हुती. मोहट्याच्या देवीची आन घेऊन सांगते." देवीची आण म्हटल्यावर गाव गप्प बसलं. सत्यशीलेला मात्र त्या दिवसापासून सासूच्या डोळ्याला डोळा देता येईना.

पण सासूपेक्षा जास्त तिला नवऱ्याचं वाटायचं. भागवतला खरं काय ते माहीत होतं. त्यानं आईला सांगितलं नाही, बायकोला बोल लावला नाही, आजवर त्या सकाळचं नावही काढलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, असं तिला कितीदा वाटायचं. माणूस बोलत नाही म्हणजे मनात धरून आहे, असा तिनं हिशेब केला होता. पोरीला तो खांद्यावर घेऊन फिरायचा, आणि ती मागून बघत मनात म्हणायची, याच्या लेकीचा ओठ मी चिरला.

आता लेकीनं विचारलं होतं. आज नाही तर उद्या तिला सांगावं लागणार होतं, आणि एकदा सांगितलं की लेक तिच्याकडं तसं कधीच बघणार नव्हती. चार दिवस सत्यशीलेला अन्न गोड लागलं नाही. शेवटी तिनं ठरवलं, विचारून तर बघू.

रविवारी दहा वाजले तशी ती पाणी पिण्याचं निमित्त करून फडाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. उभ्या उसाच्या आड बांधावर बसली. शहाणपण करून तिनं नावही बदललं. पण एका गोष्टीचा तिला पार विसर पडला. दर रविवारी वाल्मिकचा स्पीकर कुणामुळं वाजायचा, हेच ती विसरली. तिला वाटलं आपण उसाला सांगतोय, आणि तिकडं सगळी टोळी कोयते थांबवून ऐकत होती.

"मॅडम, मी राहीबाई बोलतीय. राहात्याहून."

मॅडमनी आवाज ओळखला असणार, पण त्या तशा समजूतदार. म्हणाल्या, "बोला, राहीबाई."

"माझ्या एका मैतरनीचं हाय. तिनं पोटुशी आसताना गिराणात ऊस तोडला. कोयत्यानं. आन् लेकराचा ओठ चिरल्याला निघाला. तर त्ये... तिच्याच हातानं झालं का?"

"मैत्रिणीला तेव्हा कितवा महिना होता?"

"पाचवा सरत हुता."

"बाळ कधी झालं?"

"आखितीचा सण झाल्यावर लगीच."

"मग आता आपण दोघी मिळून मागं जाऊ. पाचवा सरताना ग्रहण. तर दुसरा महिना कधी होता? सणावारानं सांगा, तुम्हा बायकांना ते पक्कं आठवतं."

सत्यशीला बोटांची पेरं मोजायला लागली. दिवाळीला तिसरा सरला होता. त्याच्या आधी दसरा. त्याच्या आधी... "गौरी-गनपतीला मला, म्हंजी तिला, भाताचा वास सोसत नव्हता. तवा दुसरा. पितराच्या दिवसात बी त्योच."

"तर ऐका. पोटातल्या बाळाचा चेहरा आधी सलग नसतो. दोन्ही बाजूंनी दोन पदर पुढं येतात आणि नाकाखाली येऊन जुळतात. हे काम दुसऱ्या महिन्यात सुरू होतं आणि तिसरा लागता लागता संपतं. ओठ जुळायचा तो तेव्हाच जुळतो, राहायचा तो तेव्हाच राहतो. पाचव्या महिन्यात ओठाचं काही व्हायचं शिल्लकच नसतं. पितराच्या दिवसात तुमची मैत्रीण कुठं होती?"

"घरीच की. पाथर्डीला."

"आणि कोयता?"

"कोयता कुठला वो मॅडम, तोड तर दिवाळीनंतर. तवा तर माझा कोयता आढ्याला खोचल्याला..."

आपण 'माझा' म्हणालो हे तिच्या ध्यानात आलं, आणि त्याच्याच पाठोपाठ दुसरं ध्यानात आलं. ग्रहण लागायच्या कितीतरी आधी, ती भाताच्या वासानं नाक धरून ओसरीवर बसली होती तेव्हाच, तिच्या लेकीचा ओठ व्हायचा तसा होऊन गेला होता. कोयता आढ्याला होता. त्याला गंज चढला होता. हात रिकामे होते.

मॅडम तिच्या रडण्याला थोडा वेळ देऊन म्हणाल्या, "कशामुळं राहिला, ते मला सांगता येणार नाही, राहीबाई. कधी घराण्यात असतं, कधी आणखी काही, आणि पुष्कळदा डॉक्टरांनासुद्धा बोट ठेवता येत नाही. माहीत नाही ते माहीत नाही. पण कोयत्यानं नाही आणि ग्रहणानं नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. आणि एक करा. आरशात स्वतःच्या नाकाखाली बघा. मधोमध जी पन्हळ आहे ना, ती या जोडाचीच खूण. ती सगळ्यांना असते. तुमच्या लेकीचा... मैत्रिणीच्या लेकीचा जोड डॉक्टरांनी घातला, तुमचा-माझा पोटात पडला. फरक तेवढाच."

फोन बंद झाल्यावर सत्यशीलेनं तो दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. तिनं बाईंचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पुढंही पाहायला मिळेल असं नव्हतं. पण ज्या बाईनं सहा वर्षांचा धोंडा छातीवरून उचलून बाजूला ठेवला, तिला आईपेक्षा कमी काय म्हणायचं? तिथल्या तिथं वाकून तिनं मातीला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला.

डोळे पुसून ती उसातून बाहेर आली आणि जागच्या जागी खिळली. सगळी टोळी तिच्याकडं बघत होती. स्पीकरवर कसल्याशा खताची जाहिरात चालू होती. वाल्मिकनं घाईघाईनं आवाज कमी केला, जणू चूक त्याचीच होती. जेवण घेऊन आलेली झुंबरबाई डोक्यावरची पाटी तशीच धरून उभी होती. भागवतनं मान खाली घालून मोळी आवळायला घेतली. आवळलेलीच मोळी तो पुन्हा आवळत होता.

झुंबरबाईनं पाटी उतरवली. सत्यशीला तिच्या पायाशी बसली. "आत्याबाई, मी खोटं बोलले. तुमी देवीची आन घेतली आन् मी..."

"व्हय. मी आन घेतली." म्हातारीनं पदर कमरेला खोचला. आता काय तोंडाचा पट्टा सुटतोय म्हणून बाकीच्यांनी उगाच कोयते हलवायला सुरुवात केली. पण झुंबरबाई म्हणाली, "खोट्या शपथेला मोहट्याची देवी सोडीत न्हाई. मला सहा सालात साधं पडसं झालं न्हाई. मंजी देवीला ठावं हुतं तर. तुझा काय दोष न्हाई ह्ये तिला ठावं हुतं, आन् मला न्हवतं." मग पाटीवरचं फडकं सोडत म्हणाली, "ऊठ. भाकरी निवल्या."

त्या संध्याकाळी सत्यशीलेनं पंकजाला मांडीवर घेतलं. मॅडमनी सांगितलं तसं, दोन बोटं दोन्ही गालांवरून नाकाखाली आणून जुळवून दाखवली. "तुझे पदर जुळता जुळता ऱ्हायले. शिवनाऱ्या डाक्टरांनी जुळिवले. आन् ह्यो बघ माझा जोड."

पंकजानं आईच्या ओठावरच्या पन्हळीत बोट घातलं. मग स्वतःच्या रेघेवर ठेवलं. मग ती उठली, आणि पुढचा तासभर साऱ्या तळावर कुणाची सुटका नव्हती. आजीचा जोड तपासला. वाल्मिक मुकादमाला खाली बसवून त्याचा तपासला. गिराण लागलंय म्हणणाऱ्या शेजारच्या म्हातारीचाही तपासला, आणि सुरकुत्यांतून तो सापडेना तेव्हा ती म्हातारीच कंदील जवळ घेऊन म्हणाली, "बघ गं नीट, आसंल तिथंच." सापडल्यावर सगळ्यांत जास्त आनंद म्हातारीलाच झाला.

एकट्या भागवतचा मात्र पत्ता लागेना. त्याच्या मिशा अशा घनदाट की नाकाखाली बोट शिरायला वाट नव्हती. पंकजानं केस बाजूला करून बघितले, फुंकर घालून बघितलं. "बाबाला न्हाईच," ती हिरमुसून म्हणाली. सत्यशीला चुलीकडून भागवतकडं बघत होती. आज तरी तो काही बोलेल, असं तिला दिवसभर वाटत होतं. तो उठला आणि कोयत्याला धार लावायला गेला.

आठवडा असाच गेला. पुढच्या रविवारी झुंबरबाईनं सुनेच्या हातातून फोन काढून घेतला. "बाई, मी झुंबरबाई. त्या राहीबाईची सासू म्हना. त्ये चांदबिबीचं तुमचं मला अजून पटल्यालं न्हाई. पर ओठाचं पटलं. तुमच्या तोंडात साखर पडो, आन् ती बी आमीच तोडल्याली पडो." स्पीकरवर मॅडम हसल्या. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं शिकवलं, पण असा आशीर्वाद कुणी दिला नव्हता. सत्यशीलेला वाटलं, आपल्यालाही बाईंना काही देता आलं. सासूनं दिलं, पण घरचंच होतं.

सगळं फिटलं होतं, एवढं एक सोडून. भागवत अजून गप्पच होता.

बाजाराच्या दिवशी तो मीठमिरची आणायला म्हणून गेला आणि उन्हं कलताना परतला. झुंबरबाईनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. भागवतच्या तोंडावर मिशी नव्हती. जिथं मिशी होती तिथं पिठासारखी पांढरी, कोवळी कातडी दिसत होती, आणि माणूस एकदम विशीतला झाला होता.

"आरं, तुझा बाप जिता हाय!" म्हातारी म्हणाली. तिचं खरंच होतं. बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत. मिशी उतरते ती बापाला पोचवून आल्यावर.

"हाय की," भागवत म्हणाला. "न्हाव्याच्या खुर्चीत बसूनच फोन केला त्यास्नी. सांगितलं, पंकीला जोड बघायचाय. तर म्हनले, मिशी तुपली हाय, लेक तुपली हाय, मला काय इचारतो."

गावाकडं ओसरीवर बसून आपला कारभारी म्हातारा हे कसं म्हणाला असेल, ते झुंबरबाईला न ऐकताही ऐकू आलं. तिनं सूप उचललं आणि ती सांडलेले दाणे गोळा करायला लागली.

भागवत चुलीपाशी येऊन सत्यशीलेसमोर उकिडवा बसला. उघड्या तोंडानं तो जास्तच अवघडला होता. "त्या दिशी मी तुला माघारी लावायला पायजे हुतं," तो म्हणाला. "तू उसात शिरली त्ये दिसलं मला. हाक मारनार हुतो. पर गाडी उभी हुती, आन् मी दमलो हुतो. म्हून गप बसलो. मला वाटायचं माझ्याच गप बसन्यानं पोरीचं आसं झालं. मंग पुढं बोलायला तोंडच ऱ्हायलं न्हाई."

एकाच कोपीत, एकाच वाकळेखाली दोघं तेच ओझं वाहत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की ते दुसऱ्यानं आपल्यावर ठेवलंय. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं त्याच्यापुढं ताट सरकवलं. मनातल्या मनात तिनं पुन्हा एकदा बाईंना हात जोडले.

तेवढ्यात पंकजा धावत आली. बापाला बघून आधी बिचकली, मग ओळखून जवळ गेली. भागवतनं तोंड वर केलं आणि डोळे मिटले. पोरीनं नाकाखाली बोट ठेवलं आणि सावकाश खाली ओढलं.

"बाबालाबी हाय," ती म्हणाली. मग बोट तसंच ठेवून विचार करायला लागली. "समद्यांनाच जोड हाय. मंग गिराण कुनी लावलं?"

सत्यशीलेनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण या वेळी भागवत आधी बोलला.

"कुनीच न्हाई," तो म्हणाला. "तुझ्या आईनं न्हाई, मी न्हाई. कुनीच न्हाई."